तांबड्या पेशीच्या पटलावर काम करताना: गावातल्या सुईपासून जेलवरच्या पट्ट्यांपर्यंत

सिकलसेल या आनुवंशिक आजारात ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. पण रुग्णाच्या रक्तात काही पेशी अशा सापडतात, की भरपूर ऑक्सिजन मिळाला तरी त्या सरळ होत नाहीत. त्या फोडल्या, आतलं हिमोग्लोबिन धुऊन काढलं आणि उरलेलं रिकामं पटल, म्हणजे पेशीचं बाहेरचं आवरण, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तरी आकार विळ्याचाच. ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटने पटलातली बहुतेक चरबी काढून टाकली, तरी खाली उरणारा प्रथिनांचा सांगाडा वाकडाच. हे १९७६ मध्येच दाखवलं गेलं आहे. मूळ दोष हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत, सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याचा. पण पेशी पुन्हा पुन्हा वाकते आणि सरळ होते, त्यात कायमची इजा होते ती पटलाला.

मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरहून १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून विदर्भात जे काम झालं ते मुख्यतः हिमोग्लोबिनवर झालं: कोण वाहक, कोण रुग्ण, कोणत्या गावात किती. ते आधी व्हायलाच हवं होतं. पटलाचं काम मागे राहिलं, कारण हिमोग्लोबिन प्रवास सोसतं, पटल सोसत नाही. चार दिवस जुन्या रक्तातही हिमोग्लोबिनचा पॅटर्न (एए निरोगी, एएस वाहक, एसएस रुग्ण) बरोबर निघतो. पटलाच्या बाबतीत सुई काढल्यापासून घड्याळ सुरू होतं. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावांत रक्त काढून ते प्रयोगशाळेत जेलवर, म्हणजे विजेच्या साहाय्याने प्रथिनं आकारमानाप्रमाणे वेगळी करणाऱ्या मऊ थरावर, चढवेपर्यंत आम्ही जे करतो ते इथे क्रमाने मांडतो आहोत. या कामात नव्याने येणाऱ्या एमएस्सी-पीएचडीच्या मुलामुलींना ते उपयोगी पडावं.

कशाची काळजी घ्यायची हे कळण्यापुरती रचना आधी. तांबड्या पेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर, आकारमान सुमारे ९० फेम्टोलिटर आणि पृष्ठभाग सुमारे १४० चौरस मायक्रोमीटर. तेवढ्याच आकारमानाचा गोळा केला तर ९७ चौरस मायक्रोमीटर कातडी पुरली असती. हा जो चाळीसेक टक्के जादा पृष्ठभाग आहे, त्याच्या जोरावर पेशी दुमडते आणि प्लीहेतल्या एका मायक्रोमीटरहून अरुंद फटींतून निघून जाते. चरबीच्या दुहेरी थराखाली स्पेक्ट्रिनची जाळी असते. ती बाजेच्या सुंभाच्या विणीसारखी: वजन पडलं की ताणते, उठलं की पूर्ववत होते. ही जाळी अँकिरिनने बँड ३ या प्रथिनाला बांधलेली असते, आणि गाठींच्या जागी ४.१ व ॲक्टिन असतात. एका पेशीत बँड ३ चे दहा लाखांच्या आसपास रेणू असतात. बँडचे हे आकडे जेलवर वरून खाली दिसणाऱ्या पट्ट्यांचे आहेत. फेअरबँक्स, स्टेक आणि वॉलाक यांच्या १९७१ च्या कामापासून ते रूढ झाले.

नमुना कोणाचा घ्यायचा, इथूनच चुका सुरू होतात. रुग्णाला गेल्या चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर तो नमुना पटलासाठी घ्यायचा नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे नळीत रक्तदात्याच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि जेल फसवं चांगलं दिसतं. हायड्रॉक्सियुरिया सुरू असेल तर मात्रा आणि सुरुवातीची तारीख लिहून घ्यावी. त्या गोळीने गर्भ-हिमोग्लोबिन वाढतं, पेशीचं आकारमान वाढतं, न वाकणाऱ्या पेशी कमी होतात. सिकलच्या वेदनेच्या कळा सुरू असलेल्या रुग्णाचं रक्त संशोधनासाठी काढू नये. त्या वेळी त्याला सलाइन आणि वेदनाशामक हवं असतं. पावसाळ्यात गडचिरोलीच्या प्रत्येक नमुन्याची मलेरियासाठी स्लाइड बघायचीच. फाल्सिपॅरमचा परजीवी स्वतःची प्रथिनं पेशीच्या पटलात बसवतो, आणि मग जेलवर दिसलेलं सिकलचं की मलेरियाचं, हे सांगता येत नाही.

पॅटर्नबद्दल उपकेंद्रातल्या सॉल्युबिलिटी टेस्टवर थांबू नये. त्या चाचणीत सॅपोनिन पटल फोडतं, सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं आणि गढूळपणा दिसतो. तो एएसलाही दिसतो, एसएसलाही. डायथायोनाइटची बाटली पावसाळ्यात दमट हवेत उघडी राहिली की पावडर मरते आणि पॉझिटिव्ह रक्त निगेटिव्ह निघतं. म्हणून रोज एक माहीत असलेला एएस नमुना सोबत लावायचा, आणि शेवटचा शब्द इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्यांचा मानायचा. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही टेस्ट लावूच नये, गर्भ-हिमोग्लोबिनमुळे ती खोटी निगेटिव्ह येते.

संमतीपत्र मराठीत छापलेलं असतं. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या घरात ते वाचून दाखवल्याने काही होत नाही. गावच्याच आशाताईने त्यांच्या बोलीत सांगितलं पाहिजे. लोक सर्वांत आधी रक्त किती काढता, हे विचारतात. ‘मावशी, पाच मिलिलिटर, चहाचा एक चमचा’ असं सरळ सांगावं आणि सिरिंज दाखवावी. मुलांकडून २ मिलिलिटरच्या वर आम्ही घेत नाही. हेही तिथेच सांगायचं, की या तपासणीतून औषध मिळणार नाही. औषधासाठी ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी वेगळी द्यायची आणि ती खरंच द्यायची. एप्रिल-मे मध्ये तेंदूपत्त्याला आणि जुलैमध्ये रोवणीला माणसं घरी नसतात. पहाटे किंवा दिवेलागणीला जावं लागतं, आणि पेशींच्या दृष्टीनेही तीच वेळ चांगली.

रक्त ईडीटीएच्या (कॅल्शियम बांधून रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या रसायनाच्या) जांभळ्या बुचाच्या प्लास्टिक नळीत घ्यावं. काच टाळावी, काचेला लागलेल्या पेशींना काटे फुटतात. आठ-दहा वेळा हळू उलटीपालटी करायची, झटकायची नाही. पंक्चर किचकट झालं, सुई बारीक असली, दांडा जोरात ओढला, की पेशी तिथेच फुटतात. प्लाझ्मा गुलाबी दिसला तर त्या नळीवर खूण करावी आणि ती फक्त पॅटर्नसाठी वापरावी.

आता उष्णतेचं. पटलाच्या कामात इकडच्या उन्हाळ्याइतकं नुकसान दुसरं काही करत नाही, आणि त्याचं कारण नेमकं माहीत आहे. स्पेक्ट्रिनची घडी ४९ ते ५० अंश सेल्सिअसला उलगडते. जाळी ढिली पडली की पेशीच्या कडेला कळ्या फुटतात आणि त्यांचे गोल तुकडे होऊन सुटतात. नवतप्याच्या दिवसांत चंद्रपुरात सावलीतलं तापमान ४५-४६ पर्यंत जातं. उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत ५० कधी ओलांडलं ते कळतही नाही. अशा गाडीत सीटवर विसरलेली नळी वरून ठीक दिसते, पण स्मिअरमध्ये (काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या थरात) बारीक गोळ्या आणि तुटलेल्या पेशी भरलेल्या असतात. हा आजार नव्हे, हा गाडीचा परिणाम. ज्याला हे ठाऊक नाही तो त्यावर निबंध लिहून बसेल.

उलट टोकाला बर्फ. नळी थेट गोठलेल्या आइसपॅकला टेकली की त्या बाजूचं रक्त गोठतं आणि पेशी फुटतात. लसीकरणाचा चार आइसपॅकवाला कॅरिअर या कामाला उत्तम आहे, पण पॅक फ्रीजरमधून काढून लगेच भरायचे नाहीत. बाहेर ठेवायचे, हलवून पाहायचे. आत पाणी खळखळलं की मगच कॅरिअरमध्ये. नळ्या झिप पिशवीत, पिशवीभोवती दुमडलेला नॅपकिन, मधोमध उभ्या. सोबत एक थर्मामीटर. २ ते ८ अंशांत रक्त राहिलं तर २४ तासांच्या आत केलेल्या कामाचं जेल विश्वासाने वाचता येतं. सिकलच्या बाबतीत थंडीचा आणखी एक फायदा: थंडीत हिमोग्लोबिन एसचे धागे विरघळतात, त्यामुळे वाटेत पेशी कमी वाकतात.

मात्र सोडियम-पोटॅशियम मोजायचं असेल तर थंड नमुना चालणार नाही. दर फेरीला ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत घेणारा पंप थंडीत जवळजवळ थांबतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. सिकल पेशीत तर कॅल्शियममुळे उघडणाऱ्या गार्डोस मार्गातून पोटॅशियम आणि पाणी जाणं, पेशी सुकून दाट होणं, हाच आजाराचा मोठा भाग आहे. ते मोजायचं तर हेपरिनमध्ये रक्त घेऊन जवळच्या ठिकाणी त्याच दिवशी मोजणी करावी. भामरागडहून हे होत नाही, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की काहीच होत नाही. तो प्रश्न धरायचा असेल तर गाव जवळचं निवडावं. प्रश्न आणि अंतर यांचा हिशेब प्रबंधाच्या आराखड्यातच मांडायला हवा.

तालुक्याच्या ठिकाणी सेंट्रिफ्यूज असतं म्हणून तिथेच पेशी धुऊन पाठवाव्यात, असं अनेकांना वाटतं. करू नये. प्लाझ्मातली साखर गेली की पेशीतलं एटीपी, म्हणजे तिचं इंधन, लवकर संपतं. अख्खं रक्तच थंड ठेवून आणावं.

प्रयोगशाळेत पहिलं काम पांढऱ्या पेशी काढण्याचं. त्यांच्यातली प्रथिनं कापणारी विकरं पेशी फोडताना सुटतात आणि अँकिरिनवर तुटून पडतात. सिकलच्या रुग्णात पांढऱ्या पेशी मुळात जास्त, म्हणून इथे दुर्लक्ष परवडत नाही. सेंट्रिफ्यूज करून वरचा पांढुरका थर ओढून घेण्याची रीत पाठ्यपुस्तकात आहे, पण त्याबरोबर वरच्या थरातल्या कोवळ्या पेशी, रेटिक्युलोसाइट्स, जातात. सिकलमध्ये त्याच भरपूर असतात, त्यामुळे नमुना एकांगी होतो. आम्ही अल्फा-सेल्युलोज आणि सूक्ष्मस्फटिक सेल्युलोज समान वजनात घेऊन, सलाइनमध्ये कालवून, ५ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये बुडाशी फिल्टरपेपरची चकती ठेवून भरतो. त्यातून रक्त गाळलं की पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स अडकतात. ही रीत १९७६ पासून वापरात आहे आणि स्वस्त आहे.

त्यानंतर तीन धुण्या. १५० मिलिमोलर मीठ, ५ मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ८. ४ अंशांवर १,५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १,५०० पट जोर), १० मिनिटं. जी आणि फेरे यांची गल्लत फार होते. जी = ०.००००१११८ × रोटरची त्रिज्या (सेंटिमीटर) × मिनिटाच्या फेऱ्यांचा वर्ग. १० सेंटिमीटर त्रिज्येला १,५०० जी म्हणजे सुमारे ३,६६० फेरे, आणि २०,००० जी म्हणजे सुमारे १३,४०० फेरे. पहिलं टेबलावरच्या साध्या यंत्रात जमतं, दुसरं जमत नाही.

पेशी फोडण्याच्या बफरचं, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचं, सगळं गणित पाण्यावर आहे. विदर्भातल्या बोअरचं पाणी जड असतं. एकदाच डिस्टिल केलेल्या पाण्यातही, यंत्रात क्षार साचले असतील तर, कॅल्शियम येतं. कॅल्शियममुळे फॉस्फेट गढूळ होतं, पटलं पुन्हा बंद होतात आणि आत हिमोग्लोबिन कोंडलं जातं. दोनदा डिस्टिल केलेलं पाणी वापरावं आणि आठवड्याला यंत्र ॲसिडने धुवावं. १ लिटर ५ मिलिमोलर बफरसाठी ०.१ मोलर डायसोडियम फॉस्फेटचे ४७.४ मिलिलिटर आणि मोनोसोडियमचे २.६ मिलिलिटर घेऊन पाण्याने भरायचं. त्यात १ मिलिमोलर ईडीटीए, म्हणजे डायसोडियम डायहायड्रेटचे ०.३७ ग्रॅम. ईडीटीए टाकल्यावर पीएच खाली येतो, कारण एवढ्या विरळ फॉस्फेटमध्ये त्याला सावरण्याची ताकद नसते. सोडियम हायड्रॉक्साइडने पुन्हा ८ वर आणायचा. हे न केल्यामुळे गुलाबी राहिलेल्या घोस्टची (हिमोग्लोबिन काढलेल्या रिकाम्या पटलांची) तक्रार घेऊन मुलं नेहमी येतात. पीएच उतरला की हिमोग्लोबिन पटलाला चिकटून राहतं. पीएमएसएफ हे विकर रोखणारं औषध पीएच ८ च्या पाण्यात अर्ध्या-पाऊण तासात निम्मं उरतं. कोरड्या आयसोप्रोपॅनॉलमध्ये मिलिलिटरला १७.४ मिलिग्रॅमचं द्रावण करून ठेवावं आणि पेशी फोडायच्या क्षणी लिटरला १ ते २ मिलिलिटर टाकावं. ते विषारी आहे, हातमोजे आणि मास्क घालूनच तोलावं.

१ भाग दाबलेल्या (सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसलेल्या) पेशी, ४० भाग बर्फासारखं गार बफर. पेशी बफरमध्ये सोडायच्या, बफर पेशींवर ओतायचं नाही. १५ मिनिटं बर्फात. मग २०,००० जी, २० मिनिटं, ४ अंश. वरचं लाल पाणी ओढताना नळी तिरपी धरून सावकाश काढावं लागतं, कारण घोस्टचा थर सैल असतो आणि सरकतो. या थराखाली भिंतीला चिकटलेली छोटी घट्ट गुंडी दिसते. ती उरलेल्या पांढऱ्या पेशींची आहे. नळी फिरवून घोस्ट बाजूला सरकवायचे आणि गुंडी पिपेटने ओढून टाकायची. पुढचं जेल चांगलं येणार की नाही, हे या एका कृतीवर ठरतं. हीच फेरी तीन-चारदा.

मोठं यंत्र नसलेल्या कॉलेजांत हे छोट्या प्रमाणात होतं. ८.५ सेंटिमीटर रोटरचं मायक्रोफ्यूज १४,००० फेऱ्यांना सुमारे १८,६०० जी देतं. २ मिलिलिटरच्या नळीत ४० मायक्रोलिटर पेशी आणि १.६ मिलिलिटर बफर. १ मिलिलिटर दाबलेल्या पेशींतून ४ ते ५ मिलिग्रॅम पटल-प्रथिन मिळतं, तेव्हा इथे दीडशे मायक्रोग्रॅम सहज हाती लागतं. जेलच्या दहा घरांना (नमुना भरायच्या खाचांना) ते पुरतं. यंत्र थंड खोलीत नसेल तर रोटर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये पुन्हा गार करावा. याला पर्याय नाही, कारण विरळ बफर, ईडीटीए आणि ३७ अंश ही जोडी स्पेक्ट्रिन मुद्दाम काढून घ्यायची ठरलेली रीत आहे. मे महिन्यात कूलर बंद असलेल्या खोलीत ४० अंशांना टेबलावर राहिलेल्या घोस्टमधून स्पेक्ट्रिन न मागताच सुटतं, पटलाचे बारीक फुगे होतात, आणि जेलवर वरच्या दोन पट्ट्या फिक्या येतात.

निरोगी रक्ताचे घोस्ट शेवटी दुधाळ पांढरे होतात. एसएसचे तसे होत नाहीत. हलका गुलाबी रंग असेल तर आणखी एक धुणी द्यावी. तपकिरी रंग मात्र धुऊन जात नाही. ते बिघडून पटलाच्या आतल्या बाजूला घट्ट बसलेलं हिमोग्लोबिन असतं. तो रंग घालवायला पीएच किंवा मीठ वाढवत बसू नये, त्यात पटलाची प्रथिनं जातात. रंग आहे तसा नोंदवावा, तो आजाराचाच भाग आहे.

प्रथिन मोजून लगेच एसडीएस (प्रथिनांच्या घड्या उलगडणारा डिटर्जंट) असलेल्या बफरमध्ये मिसळून उकळत्या पाण्यात ५ मिनिटं ठेवावं. नुसतं मिसळून ठेवलं तर विकरं एसडीएसमध्येही काही काळ काम करतात. प्रत्येक घरात १५ मायक्रोग्रॅम. उन्हाळ्यात जेल ओतताना परसल्फेट टाकल्यावर ते हातातच आळतं, म्हणून द्रावण आधी बर्फात गार करून घ्यावं. ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे, गार करण्याच्या घाईत हातमोजे काढू नयेत. जेल चालू असताना लाइट गेली तर पट्ट्या पसरतात. पॉवरपॅक इन्व्हर्टरवरच लावावा. सेंट्रिफ्यूज इन्व्हर्टरवर चालत नाही, ते काम लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहूनच सुरू करावं.

कूमासी या प्रथिनांच्या निळ्या रंगाने रंगवल्यावर सर्वांत वर स्पेक्ट्रिनची जोडी, तिच्याखाली अँकिरिन, मग सुमारे ९५ किलोडाल्टनला बँड ३ ची रुंद, कडा धूसर असलेली पट्टी. ती धूसर असते कारण तिच्यावरच्या साखरेची लांबी रेणूगणिक वेगळी. जेल बिघडलं असं समजून पुन्हा चालवू नये. मग ४.१, ४.२, ४३ च्या आसपास ॲक्टिन, ३६ ला बँड ६. ग्लायकोफोरिन कूमासीत जवळजवळ दिसत नाही, त्याला साखर रंगवणारा वेगळा रंग लागतो. आधी अँकिरिनच बघावं. ते फिकं आणि त्याच्याखाली नवीन बारीक रेघा असतील तर विकरांनी काम केलं आहे, आजाराने नव्हे. तळाला १६ किलोडाल्टनजवळची पट्टी ग्लोबिनची. एसएसमध्ये ती जाड असणं अपेक्षित आहे.

कंट्रोलबद्दल, म्हणजे तुलनेसाठीच्या निरोगी नमुन्याबद्दल, आम्ही हट्टी आहोत. शहरातल्या रक्तपेढीतून आणलेलं ताजं रक्त गावातल्या नमुन्याचं कंट्रोल होऊ शकत नाही, कारण त्याने तो रस्ता पाहिलेला नसतो. त्याच गावातल्या, वय आणि लिंग जुळणाऱ्या एए व्यक्तीचं रक्त त्याच सकाळी, तशाच नळीत, त्याच कॅरिअरमध्ये ठेवायचं. फोडायचं त्याच बफरने आणि चालवायचं त्याच जेलवर. नातेवाईक घेतला तर त्याचा पॅटर्न एचपीएलसीवर तपासून घ्यावा, घरात वाहक असण्याची शक्यता मोठी. आणि या एए नमुन्याचं अँकिरिन तुटलेलं निघालं, किंवा स्मिअरमध्ये पेशींचे गोल तुकडे दिसले, तर त्या दिवशीच्या कॅरिअरमधला एकही एसएस नमुना पटलासाठी मोजायचा नाही. उरलेलं रक्त पॅटर्नच्या नोंदीला द्यायचं आणि पुढच्या खेपेची तारीख आशाताईला कळवायची.